मर्जवाले गुरुजी

सॉफ्टवेअर कंपनीत एखाद्याला 'गुरुजी' म्हणायला लागले, की समजावं, या माणसाला लोक मानतात थोडं आणि टाळतात जास्त. आमच्या बाणेरच्या ऑफिसात असे एक गुरुजी आहेत. कागदोपत्री हुद्दा सीनियर टेक्निकल रायटर. प्रत्यक्षातलं काम एकच : नव्याने लागलेल्या पोरापोरींसाठी गिटचे जे धडे लिहून ठेवलेत, ते खोटं बोलणार नाहीत याची राखण करणं. धडे बरेच आहेत, पण गुरुजींचा जीव चौथ्यात. चौथा धडा 'गिट मर्ज'चा.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो, की दहा जण एकाच प्रोग्रामवर एकाच वेळी काम करत असतात आणि कुणी कधी काय बदललं याची वही गिट ठेवतं. मुख्य कामाला धक्का न लावता स्वतःची वेगळी ब्रँच काढायची, तिथे हवा तेवढा गोंधळ घालायचा, आणि जमलं असं वाटलं की ते मुख्य ब्रँचमध्ये आणून मिसळायचं. हे मिसळणं म्हणजे मर्ज. (गुरुजींनी हा परिच्छेद वाचला तर 'गोंधळ' आणि 'असं वाटलं' या दोन्ही ठिकाणी लाल गोल पडेल.)

लाल गोल म्हणतोय ते शब्दशः. ऑफिसात कागदावर पेन चालवणारा हा शेवटचा माणूस. आमचा प्रिंटर त्यांच्याच पुण्याईवर जगलाय. दर तीन-चार महिन्यांनी ते चौथ्या धड्याची प्रिंट काढतात, कपाटातून एक जुना लॅपटॉप काढतात, तो धुऊनपुसून कोरा करतात आणि पहिल्या ओळीपासून धडा करायला बसतात. कॉपी-पेस्ट वर्ज्य. "पोरं हाताने टाइप करतात, मग मीही हातानेच करणार." प्रत्येक कमांड दाबल्यावर पडद्यावर जे उमटेल ते प्रिंटवरच्या ओळीशी पट्टी लावून ताडून बघायचं. खरोखरची, शाळेतली, सहा इंची पट्टी.

या पट्टीने एकदा मोठी शिकार केली. मर्ज करण्यासारखं काही उरलेलंच नसेल तर गिट 'ऑलरेडी अप टू डेट' असं म्हणून गप्प बसतं. पूर्वी यातल्या शेवटच्या तीन शब्दांना जोडणाऱ्या दोन आडव्या रेघा असत. २०१७ साली २.१५ आवृत्तीत त्या काढल्या, कारण इंग्रजी व्याकरणाप्रमाणे तिथे त्या नकोत. जगात कुणाला पत्ता लागला नाही. गुरुजींना लागला. आमच्या मशिन्स अपग्रेड झाल्या त्या दिवशी ते मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले आणि म्हणाले, "धड्यात दोन रेघा जास्त आहेत." मॅनेजरला वाटलं, कुणीतरी बिलात काहीतरी घुसवलंय. त्याने घाबरून दार लावून घेतलं.

"मग काय बिघडलं दोन रेघांनी?" सगळा उलगडा झाल्यावर त्याने विचारलं.

"नवीन मुलगा धड्यात बघतो, रेघा आहेत. पडद्यावर बघतो, रेघा नाहीत. त्याला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. तो कुणाला विचारत नाही. नवीन मुलं विचारत नाहीतच. तो सगळं पुसून पहिल्यापासून सुरू करतो. दुपार गेली."

मॅनेजर काही बोलला नाही. त्याची स्वतःची अशी एक दुपार गेलेली असावी.

गुरुजींना या धड्याची वंशावळ तोंडपाठ आहे. कँटीनमध्ये त्यांच्या समोरची खुर्ची बहुधा रिकामी असते ती याचमुळे. तुम्ही ताट घेऊन बसलात, की २००५ चा एप्रिल सुरू होतो. लिनक्सचं कर्नेल लिहिणाऱ्यांना बिटकीपर नावाचं साधन फुकट वापरायची मुभा होती, ती गेली. लिनस टोरवाल्ड्सने ३ एप्रिलला स्वतःचं गिट लिहायला घेतलं आणि १८ एप्रिलला त्यात पहिलं मर्ज झालंसुद्धा. "पंधरा दिवसांत!" इथे गुरुजी चमचा वर धरतात. "आपल्याकडे पंधरा दिवसांत नवीन माउसची रिक्वेस्ट मंजूर होत नाही."

मग शिकवणीच्या पानाचा इतिहास. त्या सुरुवातीच्या काळात आपल्याच घरातली ब्रँच मिसळायची असेल तर 'गिट पुल', पुढे एक टिंब, पुढे ब्रँचचं नाव, असं शिकवत. टिंबाचा अर्थ, बाहेरून कुठून आणू नकोस, इथलंच घे. 'गिट मर्ज' होतं, पण त्याला आधी संदेश, मग 'हेड', मग ब्रँच, असं मानपानासकट द्यावं लागे. २००७ च्या १.५ आवृत्तीपासून नुसतं 'गिट मर्ज' आणि ब्रँचचं नाव एवढ्यावर भागायला लागलं. तरी जुना क्रम कुणाच्या तरी सवयीत असेल म्हणून तो चालू ठेवला, आणि काढून टाकला तो थेट २०१७ मध्ये, २.१३ आवृत्तीत. "दहा वर्षांचा नोटीस पीरियड," गुरुजी म्हणतात. "आणि आमचे आर्किटेक्ट शुक्रवारी संध्याकाळी कमांडचं नाव बदलून घरी जातात." तोपर्यंत त्यांचे पोहे गार झालेले असतात. गार पोहे ते तसेच खातात. गरम खाल्ल्याचं मी पाहिलेलं नाही.

शिकवण्याच्या त्यांच्या पद्धतीत एक नियम फार कडक : उपमा द्यायची नाही. त्यांच्या आधी हा धडा ज्याने लिहिला होता तो बहुधा कवी असावा. त्याने ब्रँचला फांदी म्हटलं होतं, मर्जला संगम म्हटलं होतं आणि कॉन्फ्लिक्टला भावकी. गुरुजींनी आल्या आल्या तिन्ही उडवली. "फांदी एकदा फुटली की परत खोडात शिरते का? संगमानंतर नदी वेगळी राहते का? इथे तर मर्ज झाल्यावरही दोन्ही ब्रँच जिथल्या तिथे असतात. पोरं उपमा लक्षात ठेवतात आणि कमांड विसरतात." भावकीवर मात्र ते जरा अडखळले. तो शब्द त्यांनी आधी पेन्सिलीने खोडला, पेनाने नंतर.

धड्यात खरी गोम एकाच ठिकाणी आहे आणि जगातले निम्मे नवशिके तिथेच घसरतात : कोण कुणात मिसळतं? 'गिट मर्ज एक्सपेरिमेंटल' असं लिहिलं, की आपण ज्या ब्रँचवर उभे आहोत तिच्यात एक्सपेरिमेंटल नावाची ब्रँच येते. आपली ब्रँच तिच्यात जात नाही. सांगायला सोपं, पण मनात नेमकं उलटं बसतं. म्हणून गुरुजींच्या धड्यात मर्जच्या आधी प्रत्येक वेळी एक वाक्य येतं : आधी तुम्ही कुठे आहात ते पाहा. हे वाक्य एवढ्या वेळा येतं, की तरुण मंडळी पार्किंगमध्ये एकमेकांना फोन करून हेच विचारतात आणि हसतात.

आणि मग तो एडिटर. २०१२ पर्यंत मर्ज झालं की झालं, गिट संदेशही स्वतःच लिहून टाकायचं. १.७.१० आवृत्तीपासून ते एडिटर उघडून विचारायला लागलं, की हे मर्ज का करताय ते लिहा. विचार उदात्त होता. पण बऱ्याच मशिन्सवर तो एडिटर म्हणजे व्हिम, आणि व्हिममध्ये शिरलेल्या माणसाला बाहेरची वाट स्वतःहून सापडल्याचं ऐकिवात नाही. त्या वर्षीच्या बॅचची एक मुलगी गुरुजींच्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"सर, काळा पडदा आलाय. काही केल्या जात नाही."

"डाव्या कडेला उभ्या ओळीत लाटा दिसतात का? छोट्या छोट्या?"

"हो सर!"

"एस्केप दाबा. आता कोलन. डब्ल्यू. क्यू. एंटर."

"गेला!" ती म्हणाली. "पण सर, हे धड्यात नव्हतं."

या पाच शब्दांनी गुरुजींचा चेहरा कसा झाला ते मी पलीकडच्या टेबलावरून पाहिलं. ती बिचारी आभार मानून गेली. गुरुजी रात्री साडेनऊपर्यंत बसले. तेव्हापासून धड्यात असा दंडक आहे, की आत शिरायची कमांड सांगण्याआधी बाहेर पडायची सांगायची. मर्ज अंगावर आलं तर 'गिट मर्ज अबॉर्ट' हे दुसऱ्याच ओळीत येतं, मर्ज म्हणजे काय हे कळायच्याही आधी. एका टीम लीडने हसून विचारलं, "गुरुजी, मुलांना सुरुवातीलाच पळायला शिकवताय?" गुरुजी म्हणाले, "लिफ्टमध्ये आलार्मचं बटण आतच असतं ना?" (ही उपमा झाली हे त्यांच्या लक्षात आलं असावं. पुन्हा कधी हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकलं नाही.)

कॉन्फ्लिक्टच्या भागाचं प्रकरण याहून रंगलं. दोघांनी एकच ओळ दोन तऱ्हांनी बदलली, की गिट हात वर करतं आणि फाइलमध्येच दोन्ही बाजू मांडून ठेवतं : वर सात बाण डावीकडे तोंड केलेले, मग आपली ओळ, मध्ये बरोबरची सात चिन्हं, मग समोरच्याची ओळ, शेवटी सात बाण उजवीकडे. हे समजावायचं तर धड्यात नमुना दाखवायलाच हवा. गुरुजींनी नमुन्याला कँटीनचं उदाहरण घेतलं. एका बाजूला 'बुधवारी कँटीन बंद', दुसऱ्या बाजूला 'बुधवारी कँटीन चालू'.

आमचे धडे मार्कडाउनमध्ये लिहिलेले असतात. आता मार्कडाउनचा एक स्वभाव असा, की एखाद्या ओळीखाली बरोबरची चिन्हं ओळीने मारली, तर वरचा मजकूर म्हणजे मथळा आहे असं ते धरून चालतं. आणि उजवीकडे तोंड केलेला बाण म्हणजे अवतरण. सात बाण म्हणजे अवतरणात अवतरण, सात पदरी. नमुन्याभोवती 'हा कोड आहे, याला हात लावू नकोस' अशी खूण टाकायची त्या दिवशी राहून गेली. पान प्रसिद्ध झालं. वरती बाणांसकट भल्यामोठ्या ठळक अक्षरांत मथळा : बुधवारी कँटीन बंद. खाली कुठेतरी, सात पायऱ्या सरकून, उजव्या कडेला दुसऱ्या ब्रँचचं नाव एकटं कण्हत पडलेलं. बुधवारी तिसऱ्या मजल्यावरच्या बऱ्याच जणांनी घरून डबे आणले होते. गुरुजींचं लिखाण इतक्या लोकांनी वाचलं अशी ती पहिलीच वेळ.

खूण टाकून पान दुरुस्त केलं, तर पुढची अडचण गिटनेच काढली. बदल कमिट करायच्या, म्हणजे गिटच्या वहीत नोंदवायच्या, आधी फाइल तपासणारी एक स्क्रिप्ट आमच्याकडे बसवलेली आहे. तिने सांगितलं, या फाइलमध्ये न सोडवलेला कॉन्फ्लिक्ट राहून गेलाय, कमिट करता येणार नाही. गुरुजी म्हणाले, अगं बाई, तो राहून गेलेला नाही, तो शिकवायला ठेवलाय. स्क्रिप्ट ऐकेना. कॉन्फ्लिक्ट शिकवणारा धडा कॉन्फ्लिक्ट आहे म्हणून अडून बसला, आणि गुरुजी दोन दिवस येरझाऱ्या घालत राहिले.

तिसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले तेव्हा त्यांचा आवाज भरून आला होता. "त्यांनाही झालंय हे." कुणाला? गिट बनवणाऱ्यांना. गिटच्या स्वतःच्या रेपोमध्ये, म्हणजे त्याच्या कोडच्या कोठारात, एक फाइल आहे, कुठल्या फाइलला कसं वागवायचं याच्या सूचनांची. त्यात मर्जच्या माहितीपानासाठी खास ओळ टाकलेली आहे, की या फाइलपुरता खरा कॉन्फ्लिक्ट सातचा नव्हे तर बत्तीस चिन्हांचा समजावा. म्हणजे नमुन्यातल्या सात बाणांना गिट हसून सोडून देतं. "बत्तीस! जगात कुठेतरी कुणीतरी माझ्यासारखाच बसला असेल, त्याला स्वतःच्याच प्रोग्रामने अडवलं असेल, आणि त्याने हे शोधून काढलं असेल." त्यांनी तीच ओळ आमच्या रेपोत टाकली. त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना चहा पाजला. कारण विचारल्यावर बत्तीस म्हणाले. लोकांना वाटलं, लग्नाचा वाढदिवस.

त्या मूळ माहितीपानावर गुरुजींचं प्रेम आहे ते आणखी एका कारणासाठी. तिथल्या नमुन्यात एक बाजू म्हणते, कॉन्फ्लिक्ट सोडवणं अवघड असतं, चला खरेदीला जाऊ. आणि दुसरी म्हणते, गिटमुळे ते सोपं होतं. पुढे दुसऱ्या एका पद्धतीने तोच नमुना परत दाखवलाय, ज्यात भांडणाआधीची मूळ ओळही दिसते. ती ओळ नुसतीच : कॉन्फ्लिक्ट सोडवणं अवघड असतं. त्याखाली लिहिणाऱ्याने गंभीरपणे टिप्पणी केलीय, की मूळ मजकुरात फक्त वस्तुस्थिती होती, एका बाजूने ती मान्य करून हात टेकले आणि दुसरीने आशावादी पवित्रा घेतला. गुरुजी हे सांगताना इतके हसतात, की चष्मा काढून पुसावा लागतो. ऐकणारा हसत नाही. डॉक्युमेंटेशनमधला विनोद डॉक्युमेंटेशन लिहिणाऱ्यालाच कळतो.

अशा माणसाचं घरी काय होत असेल? वहिनींनी एकदा सांगितलं, की सोसायटीच्या लिफ्टमध्ये 'दार नीट बंद करावे' अशी पाटी लागली, तर हे सेक्रेटरींकडे गेले. दार कुणी बंद करायचं, आत शिरणाऱ्याने की बाहेर पडणाऱ्याने? नीट म्हणजे किती? आवाज यायला हवा का? सेक्रेटरींनी पाटीच काढून टाकली. कुकरचं माहितीपत्रक यांनी लाल पेनाने दुरुस्त करून कंपनीला परत पाठवलं होतं. "उत्तर आलं?" मी विचारलं. "नवीन कुकर आला," वहिनी म्हणाल्या. "पत्रक तेच होतं."

गिटची नवी आवृत्ती आली, की बदलांची यादी गुरुजी पहिल्या चहाबरोबर वाचतात, लोक राशिभविष्य वाचतात तशी नव्हे, तर लोक तिकिटाचा पीएनआर बघतात तशा धाकधुकीने. २०१९ मध्ये ब्रँच बदलायला 'स्विच' ही नवी कमांड आली, तेव्हा त्यांना आनंद झाला, कारण जुनी 'चेकआउट' एकटीच दहा कामं करायची आणि पोरांची तारांबळ उडायची. पण 'स्विच'च्या माहितीपानावर लिहिलेलं होतं, की हा प्रयोग आहे, वागणूक बदलू शकते. आणि ते तसंच वर्षानुवर्षं राहिलं. बदलू शकणारी गोष्ट धड्यात घालायची? गुरुजींनी घातली, काढली, घातली. २०२१ मध्ये मर्जच्या पोटातली पद्धतच बदलली. 'रिकर्सिव्ह' जाऊन 'ऑर्ट' आली, आणि मर्ज झाल्यावर पडद्यावर उमटणाऱ्या ओळीतला एक शब्द बदलला. आमच्या इंजिनीयरांनी वेगावर चर्चा केली. गुरुजींनी पट्टी काढली.

बाकी सगळं ते सोसतात, पण एक गोष्ट त्यांच्या जिव्हारी लागते : 'एलजीटीएम'. कुणी बदल सुचवला, की दुसऱ्याने तो वाचून मंजूर करायचा असतो, आणि आमच्याकडे वाचायच्या ठिकाणी ही चार अक्षरं टाकायची रीत आहे. 'मला ठीक वाटतं.' कोड असेल तर लोक दोन प्रश्न तरी विचारतात. धडा असेल, तर गुरुजींनी कीबोर्डवरून हात काढायच्या आत चार अक्षरं आलेली असतात. "चार पानं. अकरा सेकंद," ते घड्याळ दाखवतात.

तर एकदा त्यांनी सापळा लावला. चौथ्या धड्यात, अगदी मध्यावर, मुद्दाम लिहिलं : आता एक्सपेरिमेंटल ब्रँचवर जा आणि 'गिट मर्ज एक्सपेरिमेंटल' चालवा. म्हणजे जिथे उभे आहात तेच तिथे मिसळा. कुणाच्याही ध्यानात यायला हवं. चौघांकडे तपासायला पाठवलं, त्यात ते आर्किटेक्टही होते. चौघांकडून चार अक्षरं आली. एकाने अंगठाही दिला. आणि चौघांची मंजुरी मिळाली की आमची यंत्रणा आपोआप मर्ज करून टाकते, हे गुरुजींच्या त्या वेळी डोक्यात नव्हतं. खोटा धडा खरा होऊन सगळ्या नव्या मुलांसमोर गेला. ते काढणार होते, पण मग म्हणाले, बघू तरी.

आठवडा गेला. गुरुजी खंगले. नवी बॅच आली, धडे झाले, सगळ्यांनी फॉर्मवर 'उत्तम'ला टिक मारली. मग एके दुपारी एक मुलगा आला. धाराशिवकडचा, बोलायला बुजरा, हातात वही.

"सर, माझंच काहीतरी चुकत असेल. चौथा धडा मी चारदा केला. ते ऑलरेडी अप टू डेट म्हणतंय. मर्ज होतच नाही."

गुरुजी उठून उभे राहिले. "रेघा आहेत का मध्ये?"

"नाही सर."

"मग? काय वाटतं तुम्हाला?"

"सर, मला वाटतं... धडाच चुकलाय."

आर्किटेक्टने हेडफोन काढून बघितलं, एवढ्या जोरात गुरुजींनी त्या मुलाच्या पाठीवर थाप मारली. दुरुस्ती त्यालाच करायला सांगितली. पोरगं तासाभरात करून घेऊन आलं. गुरुजींनी ओळ न् ओळ वाचली आणि परत पाठवली. कमिटचा संदेश पन्नास अक्षरांच्या पुढे गेला होता. त्याने छोटा केला. परत आला. 'दुरुस्त केलं' असं लिहिलं होतं. 'दुरुस्त कर' असं हवं, आज्ञार्थी. बदललं. तिसऱ्यांदा परत आला. शेवटी पूर्णविराम होता. संदेशाच्या पहिल्या ओळीला पूर्णविराम देत नाहीत.

पोरगं वही उघडून उभं राहिलं. आता बुजरेपणा बराच कमी झाला होता.

"सर, हे पूर्णविरामाचं कुठल्या धड्यात आहे? मी सगळे केलेत."

गुरुजींनी दुसरा धडा उघडला. मग तिसरा. पाचवा वरपासून खालपर्यंत नेला. मग खिशातून लाल पेन काढलं, शेजारची खुर्ची पायाने ओढली आणि म्हणाले, "बसा. कमिटचा धडा काढा. आणि ती पट्टी द्या इकडे."